आधी वैरण, मग चंदी

घोडा बारीक दिसला की सल्ला द्यायला गाव गोळा होतं. कोणी हरभऱ्याची चंदी दुप्पट करायला सांगतं, कोणी तूप-गूळ, कोणी अंडी, कोणी दुधात बदाम. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून किंवा माळेगावच्या यात्रेतून नवा घोडा दारात येतो, लग्नसराई उरकून वरातीचा घोडा थकून परततो, पावसाळ्यानंतर माथेरानच्या घोड्यांना पुन्हा पर्यटकांसाठी उभं करायचं असतं. अशा वेळी मालकाला एकच घाई असते, बरगड्या लवकरात लवकर झाकल्या पाहिजेत.

ही घाईच सगळ्यात धोक्याची. बारीक घोडा चार दिवस आणखी बारीक राहिला तर फारसं बिघडत नाही. त्याला एका संध्याकाळी चंदीची बादली भरून दिली, तर तो सकाळी पोटशूळाने लोळताना दिसू शकतो किंवा आठवड्याभरात चारही खुरांनी कायमचा अधू होऊ शकतो. घोड्याचं वजन वाढवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी कारण शोधायचं, मग वैरण पुरी करायची, आणि चंदीचा नंबर त्यानंतर.

पोटाची रचना समजून घ्या

घोडा गवत खातो, पण तो बैलासारखा रवंथ करत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. मोकळ्या रानातला घोडा दिवसातले सोळा-सतरा तास थोडं थोडं चरत राहतो. त्याच्या जठरात आम्लही सतत पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. म्हणून चार-सहा तास रिकाम्या पोटी उभा राहिलेल्या घोड्याच्या जठराला आतून व्रण पडू लागतात. व्रण पडलेला घोडा चंदीवरून तोंड फिरवतो आणि आणखी वाळतो.

दुसरी गोष्ट, घोड्याला उलटी होत नाही. चुकीचं किंवा जास्तीचं जे पोटात गेलं, ते पुढेच सरकणार.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मोठ्या आतड्याची. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजंतू गवताचा धागा कुजवून त्यातून घोड्याला ताकद मिळवून देतात. धान्यातला पिष्टमय भाग मात्र त्याआधी, लहान आतड्यातच पचायला हवा. एका वेळी धान्य जास्त झालं तर न पचलेलं पीठ मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, धागा पचवणारे जंतू मरतात आणि त्यांचं विष रक्तात जातं. पोटशूळ होतो तो यामुळेच. खुराच्या आतला नाजूक थर सुजण्याचा जो आजार पशुवैद्य ‘लॅमिनायटिस’ म्हणून सांगतात, त्याच्याही मागे बहुतेकदा हेच असतं. पुढचे सगळे नियम या तीन गोष्टींतून निघतात.

घोडा खरंच किती बारीक आहे?

नुसत्या नजरेवर विसंबू नका. हिवाळ्यातले दाट केस बरगड्या लपवतात, आणि जंतांनी फुगलेलं पोट घोडा भरलेला असल्याचा भास करून देतं. हात फिरवून पाहा. अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये एक ते नऊ अशी मोजपट्टी मांडली, ती आज जगभर वापरली जाते. मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्याची मागची बाजू, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा ठिकाणी चरबी चाचपून गुण द्यायचे.

गुण एक म्हणजे हाडांचा सापळा. तीनला बरगड्या लांबूनही मोजता येतात आणि पाठीचा कणा उठून दिसतो. पाचला बरगड्या दिसत नाहीत, पण हात फिरवला की सहज लागतात. बहुतेक घोड्यांसाठी पाच हेच ध्येय. सातच्या पुढे घोडा लठ्ठ होतो आणि त्याचे वेगळे आजार सुरू होतात.

वजनाचा अंदाज शिंप्याच्या टेपनेही येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही मापं सेंटीमीटरमध्ये घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि आलेल्या आकड्याला ११,८८० ने भागा. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर वजन सुमारे ३४४ किलो येतं. हा आकडा दोन-चार टक्के इकडेतिकडे असला तरी चालेल. दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच वेळी आणि त्याच पद्धतीने मोजलं, तर घोडा चढतोय की उतरतोय हे नक्की कळतं.

खाऊनही अंगाला का लागत नाही?

वैरण नीट आहे, घोडा खातोही, तरी वाळतोय, असं असेल तर चंदी वाढवणं म्हणजे तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतणं. आधी पशुवैद्याला बोलवा आणि चार गोष्टी तपासून घ्या.

पहिली गोष्ट दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. गाल आणि जीभ कापली जाते. घोडा मान वाकडी करून चावतो, अर्धवट चावलेल्या गवताचे ओले गोळे गव्हाणीत टाकतो, लिदीत अख्खे दाणे आणि लांब काड्या दिसतात. पशुवैद्य कानस लावून या कडा घासून देतात. वर्षातून एकदा दात दाखवायलाच हवेत. म्हाताऱ्या घोड्याच्या बाबतीत हे सहा महिन्यांनी करा.

दुसरी गोष्ट जंत. डोळे मिटून दर दोन-तीन महिन्यांनी औषध पाजण्यापेक्षा ताजी लीद तपासून घ्या. अंडी किती आणि कोणत्या जंताची आहेत हे कळलं की योग्य औषध आणि वजनानुसार मात्रा ठरवता येते. अगदी सापळा झालेल्या घोड्याला पहिल्याच दिवशी जंताचं औषध देऊ नका. पोटातले जंत एकदम मेले तर अशक्त आतड्याला ते झेपत नाही. वेळ कोणती, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

तिसरी गोष्ट रक्तातले आजार. आपल्याकडे सर्रा विसरून चालत नाही. हा रक्तात वाढणारा परजीवी चावऱ्या माश्यांमधून पसरतो. ताप येतो-जातो, घोडा खात राहतो तरी खंगतो, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, हिरड्या फिक्या पडतात. गोचिडांमुळे होणारा ताप हाही असाच रक्त पिणारा. दोन्हींसाठी रक्ततपासणी लागते. घोड्यांच्या आजारांवर काम करणारं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हरियाणात हिसार इथे आहे. गरज पडली तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर नमुने कुठे पाठवायचे ते सांगतात.

चौथी गोष्ट तबेल्यातली भांडणं. चार घोडे एकाच गव्हाणीवर असतील तर दांडगा घोडा दुबळ्याला हाकलतो. मालकाला वाटतं सगळे खातात. पंधरा मिनिटं बाजूला उभं राहून पाहा. बारीक घोड्याला वेगळं बांधून खाऊ घातल्यावर प्रश्न तिथेच सुटलेला अनेकदा दिसतो.

यांखेरीज जुनी लंगड, खोगिराखालची जखम, रात्रभर बँडच्या आवाजात उभं राहण्याचा ताण आणि गाभणपण यांचाही विचार करा. दूध पाजणाऱ्या घोडीला एरवीच्या जवळपास दुप्पट ताकद लागते. ती वाळते ते शिंगराला दूध देऊन. तिचा आहार वेगळा आखावा लागतो.

उपासमार झालेला घोडा: इथे सगळे नियम बदलतात

सोडून दिलेला, आठवडेच्या आठवडे पोटभर न मिळालेला, गुण एक किंवा दोनचा घोडा तुमच्याकडे आला असेल तर दया आवरा. उपासमारीत शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळून चालत असतं. अशात एकदम धान्य किंवा गूळ पोटात गेला की रक्तात साखर चढते, इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. मग हृदय आणि श्वासाचे स्नायू ढासळतात. घोडा तीन ते पाच दिवसांनी, तोही चांगला खात असताना, कोसळतो. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेल्या माणसांच्या बाबतीत डॉक्टरांनी हाच प्रकार पाहिला होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी उपाशी घोड्यांना वेगवेगळे आहार देऊन पाहिले. त्यांना वाळलेला लसूणघास सगळ्यात सुरक्षित वाटला, कारण त्यात साखर-पीठ कमी, तर प्रथिनं, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम चांगलं असतं. त्यांनी सुचवलेला क्रम असा. पहिले तीन दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, साधारण अर्धा किलो वाळलेला लसूणघास. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवत आणि वेळा कमी करत सहाव्या दिवसापर्यंत दर आठ तासांनी दोन किलोच्या आसपास. दहा दिवसांनंतर घोडा खाईल तेवढी वैरण. हे आकडे मध्यम बांध्याच्या घोड्याचे आहेत. लहान तट्टासाठी वजनाच्या हिशेबात कमी करा. वाळलेला लसूणघास मिळत नसेल तर हिरवा कापून सावलीत सुकवून द्या. अर्धा किलो वाळलेल्याच्या जागी दोन-सव्वादोन किलो हिरवा लागतो.

या काळात धान्य नाही, गूळ नाही, तेल नाही. स्वच्छ पाणी मात्र सतत समोर हवं. आणि हे सगळं पशुवैद्याच्या देखरेखीखाली. महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

वैरण: वजन इथेच वाढतं

आता नेहमीच्या बारीक घोड्याकडे येऊ. तो गुण तीन-साडेतीनचा आहे, खातोपितो, आजार तपासून झाला आहे.

घोड्याला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो आणि त्यातला किमान दीड टक्का वैरणीतून यायला हवा. ३५० किलोच्या घोड्यासाठी हे सात ते पावणेनऊ किलो होतं. इथे हिशेब नेमका चुकतो. हिरव्या चाऱ्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. दहा किलो हिरवा लसूणघास म्हणजे प्रत्यक्षात दोन-अडीच किलो कोरडा आहार. भारा मोठा दिसतो, पोटात कमी जातं. घरात एक तराजू टांगा आणि वैरण आठवडाभर तोलून घाला. पेंढीच्या अंदाजाने आपण किती कमी घालत होतो, हे तेव्हा लक्षात येतं.

चांगलं गवत कोणतं? फुलोऱ्यात येताच कापलेलं, हिरवट रंगाचं, पानं शाबूत असलेलं आणि वासाला गोड. पवना, मारवेल, हरळी ही आपल्या माळरानावरची उत्तम गवतं. कुसळीचं गवत मात्र बी धरण्याआधी कापलेलं असेल तरच घ्या. तिची कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली घुसतात, घोडा खाणं सोडतो आणि मालक दुसरंच कारण शोधत बसतो.

कडबा ही आपल्या घरची वैरण, पण घोड्यासाठी ती दुय्यम. पोषण कमी, धागा जाड. फक्त कडब्यावर ठेवलेला आणि पाणी कमी प्यायलेला घोडा आतड्यात गोळा अडकून पोटशूळाला बळी पडू शकतो. गव्हाच्या काडाचंही तेच. कडबा द्यायचाच असेल तर पानं असलेला, पन्नास टक्क्यांच्या आत आणि चांगल्या गवताच्या जोडीला द्या. कुट्टी करताना तुकडे बोटाच्या पेराएवढे तरी ठेवा. बारीक भुशासारखी कुट्टी घोडा न चावता गिळतो.

हिरवी ज्वारी घोड्याला चारू नका. कोवळ्या ज्वारीतलं आणि फुटव्यातलं विष जनावरांना मारतं, हे शेतकऱ्याला ठाऊक असतंच. घोड्यांत आणखी एक त्रास होतो. आठवडेच्या आठवडे हिरव्या ज्वारीवर किंवा सुदान गवतावर ठेवलेल्या घोड्याचं मागचं धड डुलू लागतं, लघवी थेंब थेंब गळत राहते, मूत्राशयात जंतुसंसर्ग होतो. मज्जातंतूंचं हे नुकसान सहसा भरून येत नाही.

हत्ती गवत आणि उसाचं वाढं यांचीही जपून निवड करा. दोन्हींत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. महिनोन्‌महिने हाच मुख्य चारा राहिला तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतं. घोडा लंगडतो, तोंडाची हाडं फुगतात. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे त्याची जोड उपयोगी पडते.

लसूणघास स्वतःच वजन वाढवणारा उत्तम चारा आहे. पण सवय नसलेल्या घोड्याला एकदम ताजा, दवाने ओला घालू नका, पोट फुगतं. कापून काही तास सुकू द्या. एक-दोन किलोपासून सुरुवात करा आणि दहा-चौदा दिवसांत पूर्ण प्रमाणावर या. कोणतीही वैरण बदलताना हाच वेळ द्या, कारण आतड्यातल्या जंतूंनाही नव्या चाऱ्याची सवय लागावी लागते.

वैरण दिवसातून चार-पाच वेळा विभागून टाका. शेवटचा आणि सगळ्यात मोठा वाटा रात्रीचा ठेवा. वरातीला नेण्याआधी तासभर गवत खाऊ द्या आणि गाडीतही गवताची जाळी बांधा. भरल्या जठरात आम्ल वर उसळत नाही.

चंदी: थोडी, वाटून आणि वैरणीनंतर

वैरण पुरी झाल्यावर दोन-तीन आठवडे थांबून टेप लावा. अनेक घोडे इथेच चढू लागतात. नाहीच चढले तर चंदीकडे वळा.

धान्यांमध्ये ओट सगळ्यात सौम्य. त्याचं पीठ लहान आतड्यात चांगलं पचतं. जवाचा दाणा टणक असतो, तो भरडून किंवा उकडून द्या. कच्चा मका टाळा. त्याचं पीठ लहान आतड्यात नीट पचत नाही, आणि बुरशी लागलेला मका घोड्याच्या जिवावर बेततो. त्यातलं विष मेंदू पोखरतं आणि त्यावर औषध नाही. पावसाळ्यात ओल धरलेला मका घोड्याच्या आसपासही ठेवू नका.

हरभरा ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची चंदी. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात आणि वाळलेल्या पाठीवर स्नायू भरायला ती लागतातच. पण हरभरा कोरडा देऊ नका. अधाशी घोड्याच्या अन्ननलिकेत तो फुगून अडकतो. आठ-दहा तास भिजवा, पाणी काढून टाका आणि त्याच दिवशी संपवा. उन्हाळ्यात भिजवलेला हरभरा दुपारपर्यंत आंबतो.

नियम साधा आहे. एका वेळच्या चंदीत पिष्टमय भाग दर किलो वजनाला एक ग्रॅमपेक्षा जास्त नको. ३५० किलोच्या घोड्यासाठी याचा अर्थ, एका वेळी अर्धा-पाऊण किलोपेक्षा जास्त धान्य तोबऱ्यात घालायचं नाही. सुरुवात दिवसाला अर्ध्या किलोपासून करा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाव किलो वाढवा. चंदीआधी गवत खायला घाला, म्हणजे घोडा अधाशीपणे गिळत नाही. आणि घामाने भिजलेल्या घोड्याला खाली उतरवल्या उतरवल्या चंदी नको. आधी चालवून थंड करा, पाणी आणि गवत द्या, तासाभराने चंदी.

गव्हाचा कोंडा थोडाफार चालतो, मुख्य चंदी म्हणून नाही. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहापट असतं, आणि रोज कोंडा खाणाऱ्या घोड्याची हाडंही हत्ती गवतावरच्या घोड्यासारखीच पोखरली जातात.

तेल, जवस, मीठ आणि पाणी

धान्य न वाढवता ताकद वाढवायची असेल तर तेल हा सुरक्षित मार्ग. घोड्याला पित्ताशय नसतं, तरी तेल हळूहळू सुरू केलं तर तो ते चांगलं पचवतो. सोयाबीन, करडई किंवा शेंगदाणा, कोणतंही ताजं खाद्यतेल चालतं. तळणातलं उरलेलं तेल मात्र नको. पहिल्या आठवड्यात रोज तीस-पन्नास मिलिलिटर चंदीत कालवा आणि तीन आठवड्यांत दीडशे ते दोनशेपर्यंत न्या. शंभर मिलिलिटर तेलातून सुमारे आठशे कॅलरी मिळतात. लीद सैल किंवा चिकट झाली तर मागे या. तेल वाढवलं की ‘ई’ जीवनसत्त्वाची गरज वाढते. त्याची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या.

जवसामुळे केसांवर तजेला येतो. मूठ-दोन मूठ जवस चांगला उकळून, त्याच दिवशी द्या.

मीठ रोज तीस ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन मोठे चमचे. उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवसांत पन्नासपर्यंत. पाणी थंडीत पंचवीस-तीस लिटर आणि उन्हात कामावर असलेल्या घोड्याला चाळीस-पन्नास लिटरही लागतं. बादल्या मोजा. पाणी कमी पिणारा घोडा वैरणही कमी खातो. खनिज मिश्रण घोड्यांसाठी बनवलेलंच घ्या.

३५० किलोच्या घोड्याचा दिवसाचा आहार

सगळं नीट चालू झाल्यावर, म्हणजे तीन-चार आठवड्यांनी, आहार साधारण असा दिसतो:

- वाळलेलं चांगलं गवत सहा किलो, चार-पाच वेळा विभागून
- सुकवलेला हिरवा लसूणघास, ओल्या वजनाने सहा किलो, दोन वेळा
- ओट किंवा भरडलेला जव ८०० ग्रॅम आणि हरभरा ४०० ग्रॅम (भिजवण्याआधीचं वजन), तीन वेळा सारखे वाटून
- उकळलेला जवस १०० ग्रॅम
- तेल १५० मिलिलिटर, तीन वेळच्या चंदीत कालवून
- मीठ ३० ग्रॅम, खनिज मिश्रण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे
- पाणी सतत समोर

यातून घोड्याला रोजच्या गरजेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त ताकद मिळते. अशा आहारावर दिवसाला पावशेर-दीडपावशेर वजन वाढतं. हेनेकेच्या पट्टीवर एक पायरी चढायला दोनेक महिने लागतात. तीनवरून पाचवर यायला चार-पाच महिने धरा. पंधरा दिवसांत घोडा भरून देतो म्हणणाऱ्याकडे घोडा देऊ नका.

खाण्याबरोबर हालचालही हवी. नुसता बांधलेला घोडा पोटावर आणि मानेवर चरबी धरतो, पाठ तशीच राहते. रोज वीस-तीस मिनिटं हाताने चालवणं, पुढे सौम्य चढावर चालवणं यातून पाठीचे आणि पुठ्ठ्याचे स्नायू भरतात. पाठीवर स्वार किंवा ओझं मात्र तोवर नको.

हे गव्हाणीत येऊ देऊ नका

गाई-म्हशींची पेंड आणि कोंबड्यांचं खाद्य घोड्याला कधीही देऊ नका. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र त्याने नष्ट होतात. जनावरांच्या काही खाद्यांत युरियाही असतो. सरकीची पेंडही घोड्यासाठी योग्य नाही.

लग्नघरचा उरलेला भात, पोळ्या, लाडू आणि पाव हे सगळं पीठच आहे. नवरदेवाच्या घोड्याला वऱ्हाडी मंडळी हौसेने खाऊ घालतात, माथेरानला पर्यटक बिस्किटं पुढे करतात. मोतद्दाराने हात जोडून नाही म्हणायला शिकावं.

मोठ्या घोड्याला दूध देऊ नका. त्यातली साखर त्याला पचत नाही. तुपापेक्षा तेल स्वस्त आणि पचायला हलकं. बुरशीचं, काळवंडलेलं, धूळ उडणारं गवत फेकून द्या. नुसती धूळ असेल तर अर्धा तास पाण्यात भिजवून देता येतं, बुरशी असेल तर नाही.

ही चिन्हं दिसली तर डॉक्टर आधी

घोडा पाय आपटतोय, वळून वळून पोटाकडे पाहतोय, लोळतोय, लीद बंद झाली, तर तो पोटशूळ. चंदी आणि वैरण लगेच काढून घ्या, पाणी राहू द्या, डॉक्टरांना बोलवा. बाटलीने किंवा नळीने तेल, काढा, काहीही घशात ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर दुसराच आजार मागे लागतो.

खूर गरम लागतायत, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा आहे, वळायला नकार देतोय, तर लॅमिनायटिसची शंका घ्या. धान्य तत्काळ बंद करा, मऊ जमिनीवर उभा करा आणि चालवू नका.

नाकपुड्यांतून हिरवट लाळ आणि चारा येतोय, मान ताणली जातेय, तर अन्ननलिकेत घास अडकला आहे. खाणंपिणं बंद, डोकं खाली राहू द्या आणि वाट पाहण्यात वेळ घालवू नका.

कुठे थांबायचं

वजन वाढवायला सुरुवात करतानाच थांबण्याची खूणही ठरवा. एका वहीत तारीख, छातीचा घेर, लांबी, हेनेकेचा गुण, वैरण आणि चंदीची वजनं लिहा. दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच बाजूने फोटो काढा. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना बदल दिसत नाही, तो फोटोत दिसतो. सहा आठवड्यांत टेप हललाच नाही, तर आहार वाढवण्याआधी पुन्हा पहिल्या पायरीवर या आणि दात, लीद, रक्त पुन्हा तपासा.

गुण पाच झाला की चंदी आणि तेल तीन-चार आठवड्यांत हळूहळू उतरवा. वैरण तशीच ठेवा. बाजारात गुबगुबीत घोड्याला भाव जास्त मिळतो म्हणून तो सात-आठवर नेऊन विकणारे असतात. पण मारवाडी, काठियावाडी, भीमथडी ही आपली घोडी मुळात सडपातळ आणि काटक बांध्याची आहेत. त्यांच्यावर चढवलेली जादा चरबी खूर आणि सांधे सोसत राहतात. विकत घेतानाही हेच पाहा. मानेवर चरबीचा कडक पट्टा आणि खुरांवर आडव्या रेघा उमटलेला गुटगुटीत घोडा पुढे करून कोणी जास्त दाम मागत असेल, तर थोडा बारीक, पण साफ दातांचा आणि मजबूत खुरांचा घोडा घ्या. तो वैरणीवर चार महिन्यांत भरतो.